दाते खाली घेतल्यावर

शिवणाच्या मशीनची सुई सगळ्यांना दिसते. कापड सरकवणाऱ्या दात्यांकडे मात्र मशीन साफ करायची वेळ येईपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. सुईखालच्या पत्र्याला लांबट फटी असतात. त्यांतून हे दाते वर येतात, कापडाला खालून पकडतात, एका टाक्याएवढं मागे सरकवतात, खाली बुडतात आणि कापडाला न लागता पुन्हा जागेवर येतात. या चार हालचालींचं पेटंट अमेरिकेतल्या ॲलन विल्सनने १८५४ मध्ये घेतलं. त्याआधी, एलियस हाऊच्या १८४६ च्या यंत्रात, कापड पिनांच्या पट्टीला टांगावं लागे. पट्टी संपली की यंत्र थांबवायचं, कापड सोडवायचं, पुन्हा टांगायचं. विल्सनच्या दात्यांनी ही कटकट मिटवली. टीप हवी तेवढी लांब मारता येऊ लागली, टाका एकसारखा पडू लागला आणि शिवणाऱ्याच्या हातांना काम उरलं ते कापडाला वळण देण्याचं. आपल्या घराघरातली मशीन्स आजही याच चालीने कापड पुढे नेतात.

फ्री-मोशन क्विल्टिंगच्या वर्गात मी सगळ्यांना पहिल्यांदा हे दाते बंद करायला सांगते.

क्विल्ट म्हणजे तीन थर. वरचं कापड, मधे कापसाचा पातळ थर, खाली अस्तर. हे तिन्ही थर टाक्यांनी एकमेकांत बांधायचे, म्हणजे क्विल्टिंग. उभ्या-आडव्या सरळ रेघा मारायच्या असतील तर दाते हवेतच. पण वेल काढायची असेल, कोयरी काढायची असेल, पानाच्या टोकाशी जाऊन त्याच शिरेवरून परत यायचं असेल, तर दर वळणाला अख्खी चादर मशीनखाली फिरवावी लागेल. ते होत नाही. दाते खाली घेतले की कापड सुटतं. ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे, कुठेही नेता येतं. सुई एका जागी वरखाली होत राहते आणि आपण तिच्याखाली कापड फिरवून रेघ काढतो. पेन धरून ठेवावं आणि खालचा कागद हलवून सही करावी, तसं.

दाते बंद झाले की टाका लहान-मोठा करणाऱ्या बटणाला काम उरत नाही. ते शून्यावर ठेवायचं. मग टाक्याची लांबी ठरवतं कोण? इथे मी फळ्यावर एक साधा हिशेब मांडते. समजा पेडल अशा बेताने दाबलंय की मशीन मिनिटाला ६०० टाके घालतंय. म्हणजे सेकंदाला १०. आपल्याला इंचात साधारण १० टाके हवेत. म्हणजे हातांनी कापड सेकंदाला एक इंच सरकवायचं. तेवढ्याच वेळात हात दोन इंच गेला तर टाका दुप्पट लांब, अर्धा इंच गेला तर निम्मा. सुईची गती पायात आणि कापडाची गती हातात. टाका या दोघांच्या मेळातून येतो. सुरुवातीच्या वर्गात शिकवायचं असतं ते एवढंच, आणि माझं ठाम मत आहे की पहिले दोन वर्ग तरी याखेरीज दुसरं काही शिकवू नये. नक्ष्या, पिसं, फुलं, कोयऱ्या यांची घाई विद्यार्थिनींना असते. शिकवणाऱ्यालाही ती असते, कारण नक्षी दिसली की वर्गाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण हात आणि पाय यांचा मेळ बसला नसेल तर फूलही वाकडं येतं आणि बाई घरी जाऊन मशीनवर झाकण घालते ती घालतेच.

माझ्या पुण्याच्या वर्गात नाना प्रकारच्या बायका येतात. बँकेतून निवृत्त झालेल्या, लॉकडाऊनमध्ये मशीन घेऊन मग ते माळ्यावर टाकलेल्या, बुटीक चालवणाऱ्या, नातवासाठी काहीतरी करायचंय म्हणून आलेल्या. यांत शिकायला सगळ्यांत जड कुणाला जातं, तर जिने आयुष्यभर उत्तम शिवण केलंय तिला. हे ऐकून नव्या मुलींना धीर येतो, पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

हडपसरहून येणाऱ्या एक काकू होत्या. कटोरी ब्लाउज असा शिवायच्या की उलट्या बाजूनेही बघत राहावं. त्यांनी दाते खाली घेतले, कापड ठेवलं, दोन बोटं नेहमीच्या सवयीने कापडाच्या कडेला हलकेच टेकवली आणि पेडल दाबलं. सुई एकाच भोकात वरखाली होत राहिली. दोऱ्याची एक घट्ट गाठ तयार झाली आणि दोरा तुटला. त्यांनी सुई पुन्हा ओवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली.

"ताई, मशीन कापड घेत नाहीये."

"नाही घेणार, काकू. आता तुम्ही द्यायचं."

त्या हसल्या, पण बोटं तशीच. तीस-चाळीस वर्षं त्या बोटांनी एकच शिस्त पाळली होती: कापड ओढायचं नाही, ढकलायचं नाही, नुसती दिशा दाखवायची. शिवणाच्या पहिल्या दिवशी कुणीतरी त्यांच्या हातावर चापट मारून ते शिकवलं असणार, आणि ते बरोबरच होतं. दाते चालू असताना कापड ओढलं तर टाके बिघडतात, सुई वाकते. आता तीच शिस्त आड येत होती. अशा वेळी मी पेडल काढून ठेवते. उजव्या हाताने मशीनचं चाक फिरवायचं, डाव्या हाताने कापड सरकवायचं. सुई वर आली, कापड थोडंसं पुढे. सुई आत गेली, हात थांबला. पुन्हा वर, पुन्हा पुढे. अगदी सावकाश, एक एक टाका. यात एक गोष्ट डोळ्यांना दिसते, जी वेगात कधीच दिसत नाही: सुई बाहेर असेपर्यंतच कापड आपलं असतं. ती आत असताना ओढलं तर ती वाकणार, खालच्या पत्र्यावर आपटणार आणि तुटणार. काकूंनी वीतभर लांब असा वाकडातिकडा नाग हाताने चाक फिरवून काढला. मग पेडल जोडलं. टाके एकसारखे नव्हते, पण कापड चाललं होतं, आणि ते त्या चालवत होत्या.

पायमशीनवर हात बसलेल्या बायकांची एक बाजू मात्र जमेची असते. पाय. पायमशीन लयीत चालवलं नाही तर चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो, म्हणून त्यांच्या पायात एकसारखी गती मुरलेली असते. विजेच्या मशीनवर शिकलेल्या मुली पेडल दाबतात, घाबरून सोडतात, पुन्हा दाबतात. वळण आलं की पाय सुटतो आणि हात मात्र पुढे जातो. गती अर्ध्यावर ठेवायची आणि तिथेच ठेवायची, हे त्यांना वेगळं शिकवावं लागतं. मी सांगते, मशीनचा आवाज ऐका. डोळे सुईवर नसतातच. ते सुईच्या पुढे, जिथे जायचंय तिथे असतात. गतीवर लक्ष ठेवायचं ते कानांनी. आवाज एका सुरात राहिला तर पाय बरोबर आहे.

वर्गात श्वास कोंडून बसण्याची साथच असते. खांदे कानांपर्यंत चढलेले, दात आवळलेले. दहा मिनिटांत मान दुखायला लागते आणि बायका म्हणतात, हे काम आपल्या वयाचं नाही. वयाचा काही संबंध नाही. मी त्यांना गुणगुणायला सांगते. कुणी भूपाळी म्हणतं, कुणी सिनेमातलं गाणं. गुणगुणताना श्वास कोंडता येत नाही आणि खांदे आपोआप खाली येतात. खुर्ची अशा उंचीची हवी की कोपर मशीनच्या पृष्ठभागाच्या पातळीत येईल. आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर मशीन ठेवून शिवतात, त्यात मशीन टेबलाच्या वर उंच राहतं आणि कापड कडेवरून घसरून खाली ओढलं जातं. सुतारानं टेबलाला खाच पाडून मशीन आत बसवून दिलं तर उत्तमच. नाहीतर मशीनच्या भोवती जाड पुस्तकांचे सारख्या उंचीचे गठ्ठे लावून वर गुळगुळीत पुठ्ठा टाकला तरी चालतं. लटकणाऱ्या कापडाचं वजन हा नवशिक्यांचा न दिसणारा शत्रू आहे. टाका बिघडला की सगळ्या दोऱ्याचं टेन्शन फिरवत बसतात. बऱ्याचदा टेबलाखाली लोंबणारं टोक उचलून मांडीवर घेतलं की काम सरळ होतं.

दुसरा मोठा घोटाळा फूट वर-खाली करणाऱ्या मागच्या दांडीचा. या कामाला नेहमीचा प्रेसर फूट चालत नाही. सुईबरोबर उड्या मारणारा, स्प्रिंगचा, रफूसाठीचा फूट लावतात. सुई वर गेली की तो उचलला जातो आणि कापड मोकळं होतं. सुई खाली आली की तो थर दाबून धरतो. गंमत अशी की दांडी खाली केली तरी हा फूट कापडाला घट्ट चिकटत नाही, त्यामुळे ती खाली आहे की वर, हे नजरेला कळत नाही. दांडी वर राहिली की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघड्या राहतात. दोरा मोकाट सुटतो आणि कापडाखाली त्याचं जाळं होतं. जाळं खाली दिसतं म्हणून बायका बॉबिन काढतात, बॉबिन केस झटकतात, तेल घालतात. दोष वर असतो. खाली गुंता झाला तर वरचा दोरा तपासा, हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि वर्ग संपेपर्यंत पुसत नाही.

साहित्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात अडून बसणाऱ्या फार आहेत. सुई १४ नंबरची, नवी. वर आणि खाली एकाच जातीचा दोरा, कापडाच्या रंगाला मिळता. सरावाला जुनी सुती चादर आणि मधे जुनं फ्लॅनेल किंवा पातळ ब्लँकेट पुरतं. परदेशी बॅटिंग मागवायची गरज नाही. पिंजारी पिंजून देतात तो सुटा कापूस मात्र इथे कामाचा नाही, तो मशीनखाली पळतो आणि गोळे होतात. अस्तर चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठं घ्यायचं. तळव्याएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. बोटांच्या टोकांना रबराचे ठिपके असलेले हातमोजे मिळाले तर कापडावर पकड चांगली बसते. जुन्या काळ्या मशीनला दाते खाली घेण्याची सोय नसेल तर दात्यांवर बसवायची पत्र्याची पट्टी मिळते. रविवार पेठेत शिवणाच्या सामानाच्या दुकानांत विचारावं.

या पट्टीपाशी मला जरा थांबावंसं वाटतं. पन्नाशी-साठीच्या बायका ती हातात घेतात आणि ओळखतात. "ही तर एम्ब्रॉयडरीची प्लेट." आपल्या शिवण क्लासांमध्ये, महिला मंडळांमध्ये मशीन एम्ब्रॉयडरी शिकवली जात असे. प्रेसर फूट काढून टाकायचा, ही प्लेट बसवायची, कापड लाकडी रिंगमध्ये ताणून धरायचं आणि रिंग दोन्ही हातांनी फिरवत भरतकाम करायचं. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, टीव्हीवरची कव्हरं, किती घरांत किती केली गेली. सिंगर कंपनीने आपल्या साध्या घरगुती मशीनवर हे भरतकाम कसं करावं याचं पुस्तक विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढलं होतं. फ्री-मोशन क्विल्टिंग त्या भरतकामाचीच पुढची पायरी आहे. फरक इतकाच की रिंगने कापडाला जो ताण मिळायचा तो इथे तीन थरांच्या जाडीमुळे आपसूक मिळतो. म्हणून रिंग लागत नाही, पण थर उचलले जाऊ नयेत म्हणून तो उड्या मारणारा फूट लागतो. ज्यांनी कधीकाळी रिंगवर भरतकाम केलं आहे त्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बदलतो. परदेशातून आलेली, महागड्या मशीनवर करायची कला म्हणून त्या दबकून बसलेल्या असतात. आपण हे अर्धं शिकलेलोच आहोत हे कळलं की हात सैल पडतात. म्हणून मी वर्गाची सुरुवात तिथूनच करते.

अमेरिकेत, जिथे हे काम वाढलं, तिथेही त्याला मान सहज मिळाला नाही. हाताने घातलेला टाका म्हणजे खरा क्विल्ट आणि मशीनचा म्हणजे घाईचा, अशी समजूत घट्ट होती. मशीनने थर जोडणं एकोणिसाव्या शतकापासून चालू होतं, पण स्पर्धेत बक्षीस मिळवायचं तर हाताचाच टाका हवा, असं मानलं जाई. कोलोराडोतल्या हॅरिएट हारग्रेव्ह यांनी ऐंशीच्या दशकात घरगुती मशीनवर अगदी जुन्या हातकामाच्या तोडीचं काम करता येतं हे शिकवायला सुरुवात केली. त्यांचं पुस्तक १९८७ मध्ये आलं आणि त्यावर एक पिढी शिकली. मग १९८९ मध्ये केंटकीतल्या पडुका गावी, अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात, कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनने क्विल्ट केलेल्या 'करोना टू: सोलर इक्लिप्स' या कामाला सर्वोत्कृष्ट क्विल्टचा मान मिळाला. सूर्यग्रहणाचा विषय. मशीनच्या कामाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती आणि त्यावर बराच वाद झाला. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच गावात क्विल्टचं संग्रहालय उघडलं आणि ते काम आज तिथल्या संग्रहात आहे. पुढे विस्कॉन्सिनच्या डायन गॉडिन्स्की यांनी घरगुती मशीनवर पिसांच्या इतक्या बारीक नक्ष्या केल्या की हात की मशीन हा प्रश्नच मागे पडला. मला या इतिहासातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या बायकांनी मशीनचा वेग वापरला, पण मशीनचा टाका वापरला नाही. टाका त्यांच्या हाताचा होता.

आणि टाका हाताचा असणं म्हणजे काय, हे मला नीट कळलं ते वर्गात सुनेबरोबर आलेल्या एका आजींमुळे. त्या सातारा जिल्ह्यातल्या. जन्मभर गोधड्या शिवलेल्या. जुनं लुगडं, धोतर, पोरांचे सदरे, सगळं थरावर थर पसरायचं, दाभणाने कच्चं घालायचं आणि धावदोऱ्याने काठापासून आत आत शिवत जायचं. उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी समाजातल्या बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच काठापासून आत शिवत नेतात. आजींना विजेच्या मशीनची भीती वाटत होती. पेडलवर पाय ठेवला की मशीन एकदम सुटायचं आणि त्या हात काढून घ्यायच्या.

मी सुनेला म्हटलं, तुम्ही त्यांच्या शेजारी बसा आणि पेडल तुम्ही दाबा, एकाच गतीने. सुनेचा पाय पेडलवर, सासूबाईंचे हात कापडावर. एवढं एकच सांगितलं की बोटं सुईपासून दोन इंच लांब ठेवायची. सून पायमशीनवर शिकलेली, तिचा पाय पक्का. मशीन एका सुरात चालू लागलं. आजींनी आधी थोडा वेळ कापड जागेवर हलवून पाहिलं, मग त्याला चाल दिली. वर्गातल्या सगळ्या जणी उठून मागे उभ्या राहिल्या. टाके एकसारखे होते. वळणावरही एकसारखे. आजींनी आयुष्यभर दर टाक्याची लांबी डोळ्याने आणि बोटाने मोजली होती. त्यांच्यासाठी कापडाचं अंतर ठरवायला दाते कधी नव्हतेच. त्यांच्या हाताला गती शिकवावी लागली नाही. फक्त सुईचा वेग त्यांच्या हातापेक्षा खूप जास्त होता, आणि तो सांभाळायला दुसरा पाय मिळाला तेव्हा हात आपलं काम करू लागले.

तेव्हापासून जोडीचा हा सराव मी प्रत्येक नव्या तुकडीला देते. एकीने पेडल धरायचं, दुसरीने कापड. मग अदलाबदल. पेडलवाल्या बाईला कळतं की आपण नकळत किती वेळा पाय सोडतो, आणि कापडवालीला कळतं की हात नेमका कुठे धावतो. धावतो तो बहुतेक वळणावर. सरळ रेघ संपून गोलाई आली की हात घाईने ती पार करू बघतो. वरून काही दिसत नाही. कापड उलटं केलं की अस्तराच्या बाजूने त्या गोलाईवर खालचा दोरा ताठ आणि त्याच्यावर वरच्या दोऱ्याचे बारीक फासे उभे राहिलेले दिसतात. इंग्रजी बोलणाऱ्या क्विल्टर बायका त्यांना पापण्या म्हणतात आणि बघितल्यावर ते पटतं. इलाज टेन्शनचा स्क्रू फिरवण्यात आहे असं पहिल्यांदा वाटतं, आणि थोडा असतोही. खरा इलाज वळणावर हाताची चाल न वाढवणं हा आहे. म्हणून दर पाच मिनिटांनी कापड उलटं करायला लावते. समोरची बाजू दिलासा देते, मागची बाजू शिकवते.

नक्षीचा पहिला सराव कागदावर. पेन्सिल न उचलता, रेघ कुठेही न ओलांडता, कागदाचा चौकोन वेड्यावाकड्या वळणांनी भरायचा. यात शिकायचं ते असं की रेघ कोपऱ्यात अडकली तर बाहेर पडायला वाट ठेवलेली हवी. मेंदी काढणाऱ्या मुली हे झटक्यात करतात. मशीनवर बसल्या की मात्र गोंधळतात, कारण कोन धरल्यावर हात हलतो आणि इथे हलतं ते कापड. उजवीकडे रेघ हवी असेल तर कापड डावीकडे न्यायचं. पहिल्या तासाला त्यांच्या कोयऱ्या उलट्या येतात. मी मधे पडत नाही. मेंदू ही उलटापालट स्वतःच सोडवतो, सांगून सुटत नाही.

पहिल्या दिवशी उसवायचं नाही हा माझा नियम आहे आणि त्यावरून दर वेळी वाद होतो. चांगलं शिवणाऱ्या बाईला वाकडी टीप दिसली की तिचा हात आपोआप ब्लेडकडे जातो. पण इंचाला दहा टाके तीन थरांतून उसवायचे म्हणजे कापडात भोकं उरतात, वेळ जातो आणि पुढचा टाका घालायची हिंमत जाते. त्यापेक्षा त्याच वेळात आणखी हातभर शिवावं. शिवताना आपण कापडाकडे वीतभरावरून बघतो. वापरणारा ते पांघरतो, अंगावर घेतो. तो काही टाके मोजत नाही. शिवाय कापसाचा मधला थर पहिल्या धुण्यात थोडा आटतो, सगळ्या क्विल्टला बारीक सुरकुत्या पडतात आणि लहान-मोठे टाके त्यांत मिसळून जातात. मी एक धुतलेला आणि एक न धुतलेला नमुना वर्गात शेजारी शेजारी टांगून ठेवते. दोन्हीकडे टाके सारखेच असमान आहेत. धुतलेल्याकडे बघून कुणीच चूक दाखवू शकत नाही.

शेवटच्या वर्गासाठी मी सरावाचा तुकडा करू देत नाही. खरी वस्तू हवी. बाळाचं दुपटं, ३६ इंच लांब-रुंद, हे मला योग्य माप वाटतं: मशीनच्या आतल्या अरुंद जागेत गुंडाळून बसतं, आणि झाल्यावर ते कुणाच्या तरी अंगावर जाणार असतं. नुसता चौकोनी नमुना कपाटात जातो. नातवाचं दुपटं करणारी बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर बसते. वरचं कापड घरातल्या जुन्या सुती साडीचं घ्या म्हणून सांगते. मऊ असतं, धुऊन धुऊन रंग पक्का झालेला असतो आणि बाळाला टोचत नाही. फक्त साडीचं विरलेलं कापड घेऊ नका, सुईने फाटतं. काठ वेगळा काढून त्याचाच गोट लावला की बाजारातून काही आणावं लागत नाही.

दुपट्याला सुरुवात मधून करायची आणि बाहेर काठाकडे जायचं, असं मी शिकवत आले. कारण सरळ आहे. मशीनचा फूट कापडाची एक बारीक लाट पुढे ढकलत राहतो. मधून बाहेर गेलं की ती लाट काठातून निघून जाते. काठाकडून आत आलं तर मधे अडकून चुण्या पडतात. आजींना हे पटेना. गोधडी काठापासूनच शिवतात, काठ आधी बसला की बाकी सगळं बसतं, हे त्यांचं म्हणणं. मी चुण्यांचं कारण समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरून येताना दुपटं दाभणाने कच्चं घालूनच आणलं. माझ्या पिना तळव्याएवढ्या अंतरावर असतात. त्यांच्या कच्च्या टाक्यांच्या ओळी चारचार बोटांवर होत्या, काठापासून मध्यापर्यंत एकाआत एक. सुनेने पेडल धरलं, आजींनी काठापासून सुरुवात केली आणि आत आत जात मध्यावर संपवलं. मी उलटं करून सगळीकडे हात फिरवून पाहिलं. चुणी नव्हती. थर इतके घट्ट धरलेले होते की लाटेला जागाच उरली नव्हती. आता वर्गात दोन्ही रीती शिकवते, आणि काठापासून जायचं असेल तर पिना चालणार नाहीत, कच्चंच घालावं लागेल, हे आधी सांगते. साहित्याच्या यादीत सेफ्टी पिनांच्या खाली दाभण आणि जाड दोऱ्याचं रीळही आलं आहे.